अख्खा स्क्रीन घेणारा

माझा मुलगा आत्ता झोपलाय की जागा आहे, ते मला माहीत नाही. त्याने त्या मुलीला अजून उत्तर दिलेलं नाही, एवढं मात्र माहीत आहे. आणि मला हे माहीत आहे, हे त्यालाही माहीत आहे, तरी त्याचं काही हललेलं नाही. जेवण झाल्यापासून ही एकच गोष्ट दातात अडकलेल्या धाग्यासारखी छळते आहे. जीभ सारखी तिथेच जाते.

मुलगी त्याच्याच कंपनीतली. त्याला ती आवडते. तिलाही तो आवडत असावा, असं माझं मत आहे. ह्यांचं मत असं की मला या बाबतीत मत असू नये. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळते आहे आणि उद्या दुपारपर्यंत त्या लोकांना हो किंवा नाही कळवायचं आहे. तिने माझ्या मुलाला सरळ विचारलं, जाऊ की थांबू? आणि माझ्या मुलाने त्या प्रश्नाचं काय केलं? त्याचा स्क्रीनशॉट घेतला.

मी राईचा पर्वत करते, असं या घरात जुनं मत आहे. म्हणून हा मुलगा मुळात कसा आहे ते आधी सांगते, मग पर्वत कोणी केला ते ज्याचं त्याने ठरवावं. मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले. त्याचा आजवर एवढाच उपयोग झाला की माझ्या बहुतेक काळज्यांना मला नावं देता येतात. या काळजीला नाव सापडलेलं नाही.

त्याला घरात साठ्या म्हणतात. नाव ह्यांनी ठेवलं. लहानपणी त्याला काहीही संपू द्यायचं नसायचं. आंघोळीच्या साबणाची शेवटची पातळ चकती तो नव्या साबणाला चिकटवायचा, तो झिजला की दोन्ही मिळून तिसऱ्याला. ह्यांचा हिशेब असा की लग्नानंतर आपण या घरात जो साबण आणला, तोच अजून चालू आहे.

ह्यांचं चष्म्याचं दुकान. आम्ही दुकानाच्या वर राहतो. साठ्या दुसरी-तिसरीत असताना दुकानात पहिला संगणक आला. पाठीला कुबड असलेला तो जुना जाड मॉनिटर, फुगीर काचेचा. त्यावर पत्त्यांचा खेळ होता. डाव जिंकला की सगळे पत्ते एकामागून एक उड्या मारत खाली पडायचे. साठ्या जिंकला की जिन्याखालून हाक मारायचा, "आई, लवकर ये." मी गॅस बारीक करून, हात पुसून खाली पोचेपर्यंत पत्ते पडून संपलेले असायचे. मग तो असा बघायचा, जणू मीच ते पाडले.

एकदा त्याने युक्ती केली. फ्रेमचा आकार उतरवून घ्यायला हे एक पातळ पारदर्शक कागद वापरतात. साठ्याने तो कागद मॉनिटरला चिकटवला, डाव जिंकला आणि उड्या मारणारे पत्ते स्केचपेनने गिरवायला लागला. पत्ते पुढे, पेन मागे. कागद फाटला आणि काचेवर एक निळी कमान उमटली, ती कशानेच निघेना. पुढे कित्येक वर्षं दुकानात आलेली माणसं डोळे चोळून म्हणायची, "मला मध्येच एक निळी रेघ दिसते." ह्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "ती तुमच्या डोळ्यात नाही, माझ्या मुलाच्या डोक्यात आहे."

मग त्याला ती कळ सापडली. कळफलकावर वर उजवीकडे असते, जिला कोणी हात लावत नाही. तिच्यावर छापण्याबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं. दाबली तर काहीच होईना.

"बाबा, ही कशाला आहे?"

"जादाची असेल. शर्टाच्या आत एक बटण शिवलेलं असतं, तसं."

साठ्याला ते पटलं नाही. तो कळ दाबायचा आणि पळत जाऊन छपाईच्या यंत्रासमोर उभा राहायचा. यंत्र बंद असायचं, पण हा आशेवर. मग शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी सांगितलं की कळ दाबली की संगणक चित्र मनात धरून ठेवतो; चित्रं काढायची जी खिडकी आहे ती उघडून त्यात चिकटवलं तर दिसतं. त्या दिवशी तो घरी आला तो दप्तर जिन्यातच टाकून. डाव जिंकला, कळ दाबली, चिकटवलं. पत्ते हवेतच थांबले. मग जिन्याखालून हाक आली, पण रोजची नाही.

"आई, सावकाश ये. आता ते कुठे जात नाही."

मी त्या दिवशी खरंच सावकाश गेले. आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच सुरू झाला. कारण त्यानंतर या मुलाला कशाचीच घाई राहिली नाही.

आता चष्म्याचा प्रकार सांगते. त्याला वाटलं, बाबा घाईघाईत काहीतरी दाबतात, एखाद्या दिवशी स्क्रीनवरची सगळी चिन्हं पुसली जातील. म्हणून त्याने सहलीला जायच्या आदल्या दिवशी अख्ख्या स्क्रीनचा फोटो घेतला आणि तोच मागच्या चित्राच्या जागी लावून ठेवला. म्हणजे खरं चिन्ह हरवलंच तर निदान कुठे होतं ते दिसावं. पण चित्र लावताना ते नखभर सरकलं. सकाळी ह्यांनी दुकान उघडलं, संगणक लावला आणि प्रत्येक चिन्ह दोन दोन दिसायला लागलं.

दुसऱ्या कोणी संगणकाला दोष दिला असता. हे चष्मेवाले. त्यांनी आपल्याच दुकानातल्या खुर्चीत बसून आपलेच डोळे तपासले. दोष निघेना, तेव्हा जास्त घाबरले. "मला सापडत नाही म्हणजे खोल आहे," म्हणाले. शेवटी मनावर दगड ठेवून रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्याकडे गेले. त्याच्याशी ह्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्याने फार प्रेमाने बसवलं, फार वेळ तपासलं आणि एक जाड चष्मा दिला. आमच्या दुकानात बसून हे त्याचा चष्मा लावून लोकांना चष्मे विकत होते. त्या चष्म्यातून चिन्हं चार दिसत होती.

साठ्या सहलीहून आला, बाबांकडे बघितलं, संगणकाकडे बघितलं, काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "बाबा, चष्मा काढा." ह्यांनी काढला. चिन्हं एकेकटी. ह्यांनी त्याला ओरडायला तोंड उघडलं, पण त्यांना इतकं हलकं वाटत होतं की ओरडणं जमेना. रस्त्यापलीकडचा मात्र अजून कोणी भेटलं की सांगतो, "तो माझ्याकडचाच नंबर वापरतो."

अशा मुलाला जगात काय काम मिळणार, ही माझी तेव्हाची काळजी. ती फुकट गेली. जगात असं काम आहे. कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानांसाठी संगणकावरची एक व्यवस्था एक कंपनी विकते. कोणाचा शर्ट आला, कुठे डाग आहे, कधी परत द्यायचा, असं सगळं तीत भरायचं. दुकानदारांना ती वापरायला शिकवणारं जाड पुस्तक असतं, ते साठ्या करतो. प्रत्येक पायरीला स्क्रीनचा फोटो, फोटोवर तांबडा बाण, बाणाशेजारी आकडा. सकाळी बसतो, संध्याकाळी उठतो, मधला सगळा वेळ फोटो. तो कंपनीच्या शहरात, आम्ही इथे.

कामाची त्याची एक पद्धत आहे आणि त्यावरून त्याचे साहेब त्याच्यावर सतत वैतागतात. हवा तेवढाच तुकडा कापून घेता येतो, त्याच्या वेगळ्या कळा आहेत, हे तो सगळ्या जगाला शिकवतो. स्वतः मात्र कधीच तुकडा घेत नाही. आधी अख्खा स्क्रीन घ्यायचा, मग निवांत कापायचा. मी विचारलं, असं का? तर म्हणाला, "आई, काय लागेल ते आधी कसं कळणार?"

आणि आता ती मुलगी. तिचं काम तपासणीचं. ती व्यवस्था कुठे मोडते ते शोधून काढायचं. साठ्या तिला चाचणीवाली म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्याच्या समोरच्याच टेबलावर बसते. एखाद्या गिऱ्हाइकाने उणे सात शर्ट दिले तर काय होतं, नावाच्या जागी कोणी नुसताच पूर्णविराम दिला तर काय होतं, हे ती दिवसभर करून बघते. चूक सापडली की फोटो घेते, भोवती तांबडं वर्तुळ काढते आणि खाली दोन ओळी लिहिते. पहिली ओळ, काय व्हायला हवं होतं. दुसरी, काय झालं. झालं काम. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या मानसशास्त्रात एवढ्यासाठी अख्खं एक पुस्तक होतं.

तपासताना खोटी गिऱ्हाइकं भरावी लागतात. एक दिवस तिने गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी लिहिलं, "चहा घेणार का". कपड्यांच्या जागी, "दोन कप". आणि ते साठ्याला पाठवलं. त्याने हे मला फोनवर कौतुकाने सांगितलं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, स्क्रीनशॉट घेतला. वेगळा ठेवलाय."

"आणि चहा?"

"चहाचा कसा घेणार?"

पुढचं मी त्याच्याकडून खोदून काढलं. ती बिचारी चहाच्या यंत्रापाशी उभी राहिली, दोन कप भरले, एक स्वतः प्यायली आणि दुसरा त्याच्या टेबलावर आणून आदळला. त्याने त्या कपाचाही फोटो काढला असणार, पण ते त्याने मला सांगितलं नाही.

मध्यंतरी एक मोठा प्रकार झाला, त्यात मीही गोवले गेले. पुस्तकाची नवी आवृत्ती छापून सगळ्या दुकानांना गेली. त्यातलं एक पान होतं, "कपडे परत देणे". त्या पानावरचा फोटो कापायचा राहिला होता. मध्ये कपड्यांची खिडकी, तांबडा बाण, सगळं ठीक. आणि खालच्या कोपऱ्यात मी त्याला त्या सकाळी पाठवलेला निरोप. पोट साफ झालं का.

मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. त्याला लहानपणापासून तो त्रास आहे. पण दुकानदारांचे फोन सुरू झाले. एकाने विचारलं, हा प्रश्न कपडे देण्याआधी विचारायचा की नंतर? दुसऱ्याने तक्रार केली, पुस्तकात दाखवलंय पण आमच्या स्क्रीनवर येत नाही, आमची व्यवस्था जुनी आहे का? आणि एका दुकानात तर कपडे परत देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला खरोखर विचारत होते. त्या दुकानदाराचं म्हणणं, लोक खूश आहेत, बंद करू नका.

साहेबांनी दोघांनाही बोलावलं. दोघांना का, तर प्रत्येक पान छपाईला जाण्याआधी चाचणीवाली तपासते. तिथे काय झालं ते साठ्याने मला जसंच्या तसं सांगितलं. हा मुलगा बोलणंही जपून ठेवतो.

"तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?" साहेब तिला म्हणाले.

"सुटलं नाही, सर. मी वाचलं होतं."

"मग चूक का नाही दाखवलीत?"

"दाखवली होती. तुमच्याकडे आली असेल."

साहेबांनी शोधलं, तर खरंच आली होती. तांबडं वर्तुळ, खाली दोन ओळी. काय व्हायला हवं: आईने विचारल्यावर मुलाने उत्तर द्यावं. काय झालं: उत्तर नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, उरलेल्या सगळ्या प्रतींवर त्या कोपऱ्यात पांढऱ्या चिकटपट्ट्या लावा, दोघांनी मिळून, बाकी कामं सोडून.

"लावल्या का रे?" मी विचारलं.

"हो. संध्याकाळपर्यंत बसलो होतो."

"काय बोललात एवढा वेळ?"

"ती बोलली."

"आणि तू?"

"मी पट्ट्या लावल्या." मग म्हणाला, "आई, तिने तुला विचारायला सांगितलंय."

"काय?"

"तुझं पोट साफ झालं का."

हसण्यावारी नेऊ नका. मी या घरात आल्यापासून सगळ्यांची पोटं विचारत आले आहे. मला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. मी साठ्याला म्हटलं, तिला सांग, हो, झालं, आणि धन्यवाद. त्याने सांगितलं का, देव जाणे. पण त्या दिवसापासून मी मनात तिला घरातली धरून टाकलं. ह्यांना हे सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "अगं, त्यांचा अजून चहा झालेला नाही."

आता आजचं सांगते.

दुकानातला जुना संगणक गेला, नवा आम्ही वर घरात ठेवला आहे. त्याच्यावर अधूनमधून एक पाटी येते, मला बंद करून पुन्हा सुरू करा, आत्ता की नंतर? मी नेहमी "नंतर" दाबते. आज पाटी आली तीत "नंतर" नव्हतंच. मी मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून साठ्याला पाठवला. लगेच त्याचा फोन.

"आई, हा कसला फोटो आहे?"

"स्क्रीनचा."

"ह्यात तू दिसतेस. गाऊनमध्ये. मागे बाबा दिसतात, केळं खाताना. स्क्रीन दिसत नाही."

"काचेत दिसतो आम्ही, त्याला मी काय करू?"

"मोबाइलने नको काढूस. त्या संगणकावरच स्क्रीनशॉट घे. तीन कळा एकदम दाबायच्या. खिडकीच्या चित्राची, शिफ्ट आणि एस. मग हवा तेवढाच चौकोन ओढायचा."

"मला तोंडी सांगू नकोस. परक्या इस्त्रीवाल्यांना बाण काढून पाठवतोस, आईला तोंडी."

"पाठवतो, पाठवतो," म्हणाला. त्याचा आवाज मला बरा वाटला नाही. सर्दी झाल्यासारखा होता. मी विचारलं, जेवलास का? म्हणाला, बघतो. जेवलास का याचं उत्तर बघतो असं असू शकत नाही, पण तेवढ्यात त्याने ठेवला.

थोड्या वेळाने चित्र आलं. स्क्रीनवरच कळफलक उघडलेला, तीन कळांवर तीन तांबडे बाण, शेजारी एक, दोन, तीन. फार सुबक. हवा तेवढाच तुकडा कसा कापावा, हे सांगणारं चित्र. आणि चित्र मात्र अख्खं. नेहमीसारखा आधी अख्खा स्क्रीन घेतला असणार, पण कापायचं राहिलं. बाण काढताना माणूस बाणाकडेच बघतो.

अख्खं म्हटल्यावर कडेला तिचा निरोप होता. अक्षर मुंगीएवढं. मी ह्यांचं भिंग आणलं. वाचणं बरं नव्हे, हे मला कळतं, पण डोळ्यांसमोर आलेलं वाचलं जातं.

"त्या दुसऱ्या शहरातल्या कंपनीने बोलावलंय. उद्या दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय. मी जाऊ की थांबू? तुलाच विचारतेय, दुसऱ्या कोणाला विचारणार नाही."

त्याखाली कोरं. उत्तर नाही. आणि अगदी खालच्या कोपऱ्यात संगणकाची छोटी पाटी, स्क्रीनशॉट जतन झाला. पाटीत नखाएवढं चित्र. भिंग डोळ्याला लावून बघितलं, तर ते तिच्याच निरोपाचं.

"अहो," मी म्हटलं, "हे बघा."

ह्यांनी केळ्याची साल खाली ठेवली, भिंग घेतलं, बघितलं. "फार बारीक आहे. आपण वाचू नये म्हणूनच बारीक आहे."

"आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावलीत तुम्ही."

"ते स्वतःहून खुर्चीत येऊन बसतात."

"त्याला काही सांगायला नको का?"

"त्याला कळतं."

"कळतं. वळत नाही."

"उद्यापर्यंत थांब."

"उद्या दुपारी ती हो म्हणून मोकळी होईल."

"मग तो जाईल तिच्या मागे."

"तो जाणार नाही. तिच्या रिकाम्या खुर्चीचा फोटो काढील, खुर्चीवर बाण दाखवील आणि शेजारी एक आकडा टाकील."

यावर ह्यांनी केळ्याची साल उचलून डब्यात टाकली. म्हणाले, "पोराच्या संसारात नाक खुपसू नये." मी म्हटलं, संसार असेल तर नाक ना. मग हे झोपायला गेले आणि अंथरुणाला पाठ टेकताक्षणी घोरायला लागले. काळजी करायचं काम वाटून घेण्याची या घरात पद्धत नाही.

मी संगणकासमोर बसले. त्यानेच शिकवलेल्या तीन कळा दाबल्या. स्क्रीन काळवंडला, बाणाच्या जागी अधिकचं चिन्ह आलं. पहिल्या वेळी चौकोनात कचऱ्याची टोपली आली. दुसऱ्या वेळी तिचं अर्धंच वाक्य, "मी जाऊ", तेवढंच. तिसऱ्या वेळी नेमका तुकडा जमला. तिचा प्रश्न आणि खालची कोरी जागा. कोऱ्या जागेभोवती मी तांबडं वर्तुळ काढलं. ते बटाट्यासारखं झालं, पण चारी बाजूंनी मिटलं. आणि खाली तिच्या पद्धतीने दोन ओळी लिहिल्या. काय व्हायला हवं: मुलाने उत्तर द्यावं. काय झालं: मुलाने स्क्रीनशॉट घेतला.

पाठवून दिलं. त्याने बघितल्याच्या खुणा आल्या. तो लिहितोय असं दिसलं. मग थांबला. मग पुन्हा लिहितोय. मी पदराने भिंग पुसत बसले.

उत्तर आलं. "आई, पहिल्याच दिवशी मस्त जमलं. फक्त वर्तुळ जरा लहान घे, म्हणजे नजर नेमकी जाते."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. मी वाट पाहिली. पुढे काही नाही. मला शंका नाही, शपथेवर सांगते, त्याने माझ्या चित्राचाही फोटो घेऊन ठेवला आहे. अख्ख्या स्क्रीनचा.

तेव्हापासून मी हे लिहीत बसले आहे आणि लिहिता लिहिता मला घोडं कुठे पेंड खातंय ते दिसतंय. तो दुष्ट नाही, आळशी नाही, तिला टाळतही नाही. त्याला खात्री वाटते की फोटो घेतला की गोष्ट थांबते. पत्ते थांबले होते ना. सावकाश ये, आता ते कुठे जात नाही, असं त्याने मला सांगितलं होतं आणि मीही शहाणी, त्या दिवशी सावकाश गेले. प्रश्न जपून ठेवलाय, तेव्हा विचारणारीही तिथेच थांबलेली असेल, असं त्याला वाटत असणार. निरोप त्याच्याकडे राहील, आयुष्यभर राहील, नीट नाव देऊन वेगळा ठेवलेला. मुलगी उद्या दुपारी जाईल.

आणि मी लिहून काहीही पाठवलं तरी तो तेही जपून ठेवील. त्याला लिहिलेलं चालत नाही, चित्र चालत नाही, बाण तर नाहीच नाही. उरतं ते बोलणं. बोलण्याचा स्क्रीनशॉट निघत नाही. फोनवरचं बोलणं साठवता येतं म्हणे, पण आईचं बोलणं कोणी साठवत नाही, ते पाठच असतं.

मी त्याला काय उत्तर दे ते सांगणार नाही. ते त्याचं त्याने ठरवावं. जा म्हणायचं तर जा म्हण, थांब म्हणायचं तर थांब म्हण, पण तोंडाने म्हण आणि उद्या दुपारच्या आत म्हण. एवढंच सांगणार. ह्यांना हे नाक खुपसणं वाटलं तर वाटो. ती माझ्या पोटाची चौकशी करणारी मुलगी आहे.

सकाळी फोन करावा असा विचार होता. पण सकाळी तो कार्यालयात पोचला की समोर ती, मध्ये स्क्रीन, आणि हाताशी ती कळ. आत्ता अंधारात आडवा पडला असेल, हात रिकामे असतील. आत्ताच केलेला बरा.

फक्त एवढ्या रात्री आईचा फोन वाजला की माणूस आधी घाबरतो. बाबांना काही झालं का, असंच मनात येतं. म्हणून पहिलं वाक्य मी ठरवून ठेवलंय, म्हणजे त्याला लगेच कळेल की घरात सगळं जागच्या जागी आहे. आधी पोटाचं विचारीन. त्याचं उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही. तेवढी सवय लागली की मग दुसरं उत्तरही निघेल.

फोन लावायला चष्मा शोधत होते, तो सापडला. लावते फोन.